नळमार्गांतील अंतर्गत संक्षारण

खनिज तेल व नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या पोलादी नळांची आतील बाजूने होणारी रासायनिक झीज. कोरडा वायू पोलादास जवळजवळ अपाय करीत नाही. झीज होते ती बरोबर आलेल्या पाण्यामुळे. कार्बन डाय-ऑक्साइड या पाण्यात विरघळून कार्बॉनिक अम्ल बनते व ते लोखंड खाते. हायड्रोजन सल्फाइड असल्यास पोलादाला तडे जाण्याचाही धोका असतो. नळास बाहेरून लेप देता येतो, विद्युत् प्रवाहाने ऋणाग्र संरक्षणही करता येते. परंतु हा प्रवाह आतील पृष्ठाचे रक्षण करू शकत नाही. त्यामुळे आतील झीज हा स्वतंत्र प्रश्न ठरला आणि त्याकडे उशिराच लक्ष गेले.

सॅम्युएल व्हॅन सिकल यांनी १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ५ सेंमी. व्यासाचा, सु. ८ किमी. लांबीचा तेल नळमार्ग यशस्वी केला. त्या वेळी धास्ती होती ती गळक्या सांध्यांची आणि धंदा बुडाल्याने नळ फोडणाऱ्या गाडीवानांची. कार्बन डाय-ऑक्साइडामुळे होणाऱ्या झिजेचा वेग तापमान व वायूचा दाब यांवरून काढण्याचे सूत्र द वॉर्ड व मिल्यम्स यांनी १९७५ मध्ये मांडले. त्यापुढे नळाची जाडी ठरविताना केवळ अनुभवावर विसंबण्याचे कारण उरले नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न समुद्रातून भेटला. मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले व २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांनी येई. १९७८ मध्ये उरणपर्यंत सु. २०० किमी. लांबीचे नळमार्ग सुरू झाले. अशा मार्गांत वायू ग्लायकॉलाने कोरडा करणे, पोलादावर पातळ थर धरणारी निरोधक द्रव्ये सोडणे आणि साचलेले पाणी व गाळ पुढे ढकलणारे ‘पिग’ नावाचे साधन नळातून फिरविणे, हे तीन उपाय एकमेकांच्या जोडीने योजावे लागतात. पिग न फिरविल्यास गाळाखालच्या पोलादापर्यंत निरोधक पोहोचतच नाही. तेलक्षेत्राचा दाब टिकविण्यासाठी १९८४ पासून समुद्राचे पाणी खाली सोडण्यात येऊ लागले. अशा पाण्यातील प्राणवायू आधी काढावा लागतो. सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचाही बंदोबस्त करावा लागतो. वसई क्षेत्रातील आम्लयुक्त वायू हजिरा येथे शुद्ध करून मगच उत्तरेकडील लांब नळमार्गात सोडला जातो.

जमिनीवरील मार्गही निर्धोक नसतात. न्यू मेक्सिकोतील कार्ल्‌सबॅडजवळ १९ ऑगस्ट २००० रोजी वायुनळ फुटून १२ माणसे दगावली. नळाच्या सखल भागात साचलेल्या द्रवाने तो आतून पोखरला होता. मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुमार्गाची आखणी समृद्धी महामार्गालगत बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा व मेहकर या चढउतारांच्या भागातून झाली आहे. असा मार्ग शुद्ध केलेल्या कोरड्या वायूसाठी असतो. त्यात पाणी सर्वप्रथम शिरते ते दाबचाचणीच्या वेळी, माणसाच्याच हातून. चाचणी संपताच ते पिगने बाहेर काढून कोरडी हवा खेळवावी लागते, आणि बाहेर येणाऱ्या हवेचा दवबिंदू ठरलेल्या मर्यादेखाली उतरेपर्यंत नळात वायू सोडीत नाहीत.