अनुभवाचं टेंडर निघत नाही

नॉर्वेत एअर ॲम्ब्युलन्सचा वैमानिक व्हायचं तर कागदावरच्या अटी सरळ आहेत. हेलिकॉप्टरच्या कमांडरसाठी युरोपीय नियम सांगतात: कमांडर म्हणून १००० तासांचं उड्डाण, त्यातले किमान ५०० हेलिकॉप्टरवर. रात्री उडायचं तर अंधारातले २० तास वेगळे. पण मला सर्वांत रंजक वाटते ती आणखी एक अट. काम जिथे करायचं, तशाच प्रकारच्या परिसरात हेलिकॉप्टर उडवल्याचे ५०० तास. म्हणजे वैमानिकाचा अनुभव थोडा त्याचा असतो आणि थोडा त्या जागेचा. नॉर्वेने ही गोष्ट पन्नासेक वर्षांत हळूहळू शिकली आणि २०१९मध्ये तिची किंमतही मोजली.

उत्तरेचा फिनमार्क हा प्रदेश साधारण ४८,६०० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या सहाव्या भागाएवढा. लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. मोठं विद्यापीठ रुग्णालय शेजारच्या ट्रॉम्सोमध्ये. मध्ये समुद्राचे फाटे, डोंगर, बर्फ आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे न उगवणारा सूर्य. इथे ॲम्ब्युलन्स म्हटलं की अनेकदा विमानच.

१९६८मध्ये हेल्गेलँड आणि त्याच्या आसपास चार छोटे विमानतळ सुरू झाले. धावपट्टी जेमतेम ८०० मीटरची, विमान ट्विन ऑटर. पुढे असे विमानतळ उत्तरेत गावोगाव झाले. प्रवाशांसाठी बांधलेल्या या आखूड पट्ट्यांवर आजाऱ्यांची विमानंही उतरू लागली. बाजूने वारा, समोर डोंगर आणि काळोख असताना तिथे उतरणं हे सिम्युलेटरमध्ये पूर्ण शिकता येत नाही.

हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. येन्स मू या भूलतज्ज्ञाने जर्मनीतली हेलिकॉप्टर सेवा डोळ्यांसमोर ठेवून १९७८मध्ये ऑस्लोजवळच्या लोरेनस्कूगला पहिला तळ उभा केला. त्याचा आग्रह होता की रुग्णाला डॉक्टरकडे नेण्याआधी डॉक्टरच रुग्णाकडे पोचला पाहिजे. सुरुवातीला संस्था सदस्यांच्या वर्गणीवर चालली. १९८८मध्ये सरकारने राष्ट्रीय सेवा म्हणून खर्च उचलला. यंत्रणा सरकारी झाली, पण उडवणाऱ्या कंपन्या टेंडरने निवडल्या जात राहिल्या. वैमानिक सरकारचा नोकर नव्हता, त्या त्या कंत्राटदाराचा होता.

या रचनेतला पेच कळायला मला वेळ लागला नाही, कारण आमच्या धंद्यात तो रोजचाच. क्लायंट व्हेंडर बदलतो, मग दोन आठवड्यांचं नॉलेज ट्रान्स्फर, काही डॉक्युमेंट्स आणि 'बाकी कोड वाचून कळेल'. तिथे चूक झाली तर साइट बंद पडते. फिनमार्कमध्ये विमान बंद पडलं तर बाळंतीण तशीच अडकते.

२०१७मध्ये विमान-ॲम्ब्युलन्सचं पुढचं कंत्राट बॅबकॉक या कंपनीला मिळालं. सेवा सात तळांवरून चालायची, आणि बदल व्हायचा होता १ जुलै २०१९ला. तोवर ती ट्रॉम्सोची लुफ्टट्रान्सपोर्ट ही कंपनी चालवत होती. टेंडरमध्ये जुने कर्मचारी त्यांच्या सेवाशर्तींसह नव्या कंपनीकडे घ्यायची अट नव्हती. म्हणजे वर्षानुवर्षं याच धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या वैमानिकाने नव्या कंपनीत अर्ज करायचा, तोही नवखा म्हणून.

बाहेरच्याला हे फक्त मानापमानाचं वाटेल. पण विमानक्षेत्रात सेवाज्येष्ठतेवर बरंच काही ठरतं: कॅप्टनपद, पगार, कुठल्या गावी राहायचं, आणि कपात झाली तर आधी कोण जाणार. ती पुसली की वीस वर्षांचा माणूस रांगेच्या शेवटी. वैमानिकांनी ज्येष्ठता टिकवण्याची मागणी केली, वाद चिघळला. दरम्यान आणखी एक नियम समोर आला. मन थाऱ्यावर नसेल तर वैमानिकाने उडायचं नाही, आणि हे त्याने स्वतःच सांगायचं. २०१९च्या वसंतात अनेकांनी आपण उडायच्या स्थितीत नसल्याचं कळवलं. विमानं होती, इंधन होतं, पण काही तळांवर कॉकपिटमध्ये माणूस नव्हता. उत्तरेत लोक रस्त्यावर उतरले आणि आरोग्यमंत्री बेंट होये यांना उत्तरं द्यावी लागली.

कुणी म्हणेल, वैमानिकांनी रुग्णांना वेठीला धरलं. मला ते पटत नाही. चिंतेने रात्रभर जागलेल्या माणसाने बर्फात, ८०० मीटरच्या पट्टीवर उतरावं अशी अपेक्षा कुठलाही रुग्ण करणार नाही. चूक त्याआधीची होती. विमानाची किंमत, तळांची संख्या, प्रतिसादाची वेळ हे टेंडरच्या रकान्यात बसलं. 'या खोऱ्यात ईशान्येचा वारा सुटला की काय होतं हे ठाऊक असलेली माणसं' यासाठी रकानाच नव्हता.

शेजारच्या स्वीडनने वेगळा प्रयोग केला. तिथल्या प्रादेशिक सरकारांनी मिळून एक सार्वजनिक संस्था काढली, सहा पीसी-२४ जेट विमानं घेतली आणि उड्डाणाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं नाही. वैमानिक मिळवणं आणि टिकवणं सरकारी संस्थेलाही सोपं नसतं. पण कंत्राट संपलं म्हणून माणसाची वर्षं शून्यावर येण्याचा धोका तरी कमी होतो.

दोन्ही देशांत अशा नोकरीसाठी स्कँडिनेव्हियन भाषा यावी ही अट सहसा असते. परक्याला ती अडवणूक वाटू शकते. पण रात्री दोन वाजता एखाद्या खेड्यातला माणूस बोलीभाषेत सांगतो की धावपट्टीवर बर्फ साचलाय, तेव्हा ते पहिल्या फटक्यात कळावं लागतं. ते ज्याला कळतं, त्याला जपायचं कसं हे मात्र नियुक्तीपत्रात लिहिलेलं नसतं. पुढचं टेंडर लिहिणाऱ्याने ते ठरवायचं असतं.