वळणावरची करकर

मोटारगाडी सरळ रस्त्यानें निमूटपणें धांवते आणि वळण आलें कीं करकर किंवा कटकट करूं लागते, असा अनुभव पुष्कळ कुटुंबांना येतो. वळण संपलें म्हणजे आवाज थांबतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतें. आणि थोडक्यांत भागणारें काम पुढें मोठ्या खर्चाचें, प्रसंगीं धोक्याचेंहि होऊन बसतें. हा आवाज नेमका वळणावरच कां यावा, याचें उत्तर चाकाच्या इतिहासांत सांपडतें.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत डोंगरकडा नांवाचें गांव आहे. हा सर्व मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडत असे. त्या राज्यानें 1932 सालीं सरकारी बससेवा सुरू केली, तेव्हां तिच्या ताफ्यांत अवघ्या 27 गाड्या होत्या. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत खेड्यांचा भार कोणी वाहिला असेल, हें यावरून उघड होतें. धान्याच्या गोण्या, लग्नाचें वऱ्हाड, आजारी माणूस, सर्वांना आधार बैलगाडीचा. ही गाडी कितीहि आडवळणीं वाटेनें नेली तरी सहज वळते. कारण तिचीं चाकें आंसाला जखडलेलीं नसतात, प्रत्येक चाक आपल्यापुरतें फिरतें. बाहेरच्या चाकाला अधिक फेरे घ्यावे लागले, तर तें खुशाल घेतें. गाडीवानानें एवढेंच पाहावयाचें कीं, आंस व तुंबा यांमधील वंगण सुकूं नये. गाडी कुरकुरूं लागली कीं जाणता गाडीवान ती तेथेंच थांबवी आणि वंगण घालूनच पुढें जाई.

परंतु बैलगाडी ओढली जाते. मोटारीचीं चाकें स्वतःच तिला पुढें ढकलतात. येथें अडचण उत्पन्न झाली. दोन चाकांमध्यें 1.3 मीटर अंतर असलेल्या गाडीनें एक पूर्ण वर्तुळ काढलें, तर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां सुमारें 8 मीटर जास्त चालावें लागतें. वर्तुळ लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो. इंजिनानें दोन्ही चाकें एकाच दांड्यावर सारखीं फिरविलीं, तर एखादें चाक रस्त्यावर घासटलेंच पाहिजे. या अडचणीवर फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यानें 1827-28 च्या सुमारास दंतचक्रांची युक्ति काढली. तिलाच आज डिफरन्शियल म्हणतात. त्यापूर्वीं 1818 सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ अ‍ॅकरमन यानें पुढचीं दोन चाकें वेगवेगळ्या कोनांत वळविण्याच्या रचनेचें पेटंट घेतलें होतें. मूळ कल्पना म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याची. दोन्ही शोध मोटारीच्या जन्मापूर्वींचे आहेत.

आपल्याकडे दीर्घकाळ चाललेल्या अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी या गाड्यांत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांना मिळे. पुढच्यांनीं केवळ दिशा दाखवावयाची. डिसेंबर 1983 मध्यें मारुति 800 रस्त्यावर आली आणि सामान्य कुटुंबाच्या गाडींत दोन्ही कामें पुढच्या चाकांवर पडलीं. एकाच चाकानें वळावयाचें आणि ओढावयाचेंहि! त्यासाठीं शक्ति नेणाऱ्या दांड्यास सांधा हवा. रॉबर्ट हूक याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला सतराव्या शतकांतील सांधा वांकला कीं दर फेऱ्यांत वेग कमीअधिक करतो आणि गाडीस हिसके देतो. हा दोष आल्फ्रेड झेप्पा यानें 1926-27 च्या सुमारास दूर केला. त्याच्या सांध्यांत खोबणींत बसविलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. 1959 च्या ब्रिटिश मिनी गाडीनें हा सांधा घरोघर नेला.

या सांध्याचें रक्षण करतें तें रबराचें एक चुणीदार आवरण. कारागीर त्याला बूट म्हणतात. त्याच्या आंत ग्रीस भरलेलें असतें. बूट फाटला कीं फिरत्या दांड्याबरोबर ग्रीस बाहेर उडतें आणि धूळ, पाणी आंत शिरतें. डोंगरकड्याच्या परिसरांत उसाच्या फडांकडे जाणाऱ्या वाटांवर पावसाळ्यांत काळी माती चाकांना लिंपून बसते. अशी माती ग्रीसांत मिसळली म्हणजे गोळ्या व खोबणी झिजूं लागतात. सरळ जातांना सांधा जवळजवळ सरळ असतो, म्हणून झीज लपून राहते. वळतांना तो वांकतो, आणि कटकट ऐकूं येते.

तथापि प्रत्येक आवाज सांध्याचा नसतो. मोकळ्या मैदानांत स्टेअरिंग पूर्ण वळवून, प्रथम एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस, गाडी सावकाश फिरवून पाहावी. इंजिनास जोर देतांच कटकट वाढली, तर संशय सांध्याचा. वेगाबरोबर वाढणारी घरघर डावीकडे वळतांना अधिक झाली, तर बहुधा उजव्या चाकाचें बेअरिंग गेलें असावें. कारण त्या वेळीं भार उजवीकडे जातो. गाडी उभी असतांनाच स्टेअरिंग कण्हूं लागलें, तर पॉवर स्टेअरिंगचें तेल तपासावें. पत्रा खरवडल्यासारखा आवाज आल्यास ब्रेकच्या तबकडीशेजारीं खडा अडकला आहे काय किंवा ब्रेक पॅड झिजले आहेत काय, हें पाहावें. खड्ड्यांतहि आणि वळणावरहि खट्ट असा ठोका बसत असेल, तर चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट सैल झाल्याची शक्यता असते. तो निखळला तर चाक कोलमडतें. अशी गाडी तपासल्यावांचून हांकूं नये.

आवाज सुरू होण्यापूर्वीं फाटलेला बूट दृष्टीस पडला, तर सांधा धुवून, त्यासाठींचें योग्य ग्रीस भरून नवा बूट चढविला कीं काम भागतें. आवाज सुरू झाल्यावर मात्र नव्या ग्रीसानें झिजलेलें पोलाद भरून येत नाहीं; सांधा किंवा सबंध दांडाच बदलावा लागतो. म्हणून पावसाळा सरल्यावर पुढच्या चाकांच्या आंतल्या बाजूस ग्रीस उडालें आहे काय, हें वांकून एकदां पाहावें. पेकर आणि झेप्पा यांनीं वळणाचें कोडें सोडविलें खरें, पण वंगण राखण्याचें काम जें गाडीवानाकडे होतें, तें आज मोटारीच्या मालकाकडे आहे.