पटकथाकाराची भाषा कोणती? कार्नाड आणि तेंडुलकर

अनंतमूर्तींच्या कन्नड कादंबरीवरील 'संस्कार' (१९७०) या चित्रपटाची पटकथा गिरीश कार्नाडांनी लिहिली. पुढे बंगळूरला स्थायिक झालेल्या आणि २०१९ मध्ये तेथेच निवर्तलेल्या या नाटककाराचे पटकथालेखन कन्नडपुरते मर्यादित राहिले नाही. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मकथनावर आधारलेल्या हिंदी 'भूमिका'ची (१९७७) पटकथा त्यांनी श्याम बेनेगल व सत्यदेव दुबे यांच्यासह सिद्ध केली. तत्पूर्वीच्या 'मंथन'ची (१९७६) पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद मात्र कैफी आझमींचे. दोन्ही पटकथांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. संवादांची भाषा परकी असली, तरी प्रसंगांची बांधणी आणि संघर्षाची चढण ही नाटककाराचीच कमाई होती. एकभाषिक वाङ्मयेतिहासाच्या चौकटीत हे लेखन बसत नाही. त्याची नोंद तौलनिक अभ्यासानेच घ्यावयास हवी.