खडी गंमत आणि स्त्रीवेषाचा उपहास

मराठी रंगभूमीच्या इतिहासात पुरुषांनी घेतलेल्या स्त्रीवेषाचा विचार बहुधा एकाच अंगाने झाला आहे. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांचा प्रयोग झाला, १८८० मध्ये पुण्यास किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगले, पुढे भाऊराव कोल्हटकर व बालगंधर्व यांनी नायिका अजरामर केल्या. कुलीन स्त्रिया नाटकात येत नव्हत्या म्हणून ही प्रथा पडली व त्या येऊ लागताच ती सरली, असा हा हिशेब आहे. नागर नाटकापुरता तो खरा मानता येईल. वैनगंगेच्या खोऱ्यातील खडी गंमतीस मात्र तो लावणे सयुक्तिक नाही.

खडी गंमत ही झाडीपट्टीची, म्हणजे भंडारा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धरून पूर्व विदर्भाची, लोककला होय. ती उभ्याने सादर होते. नावातील ‘खडी’ या शब्दाची संगती तेथेच लागते. पडदा नाही, रंगमंचाची गरज नाही. मध्ये शाहीर, पाठीशी झील धरणारे साथीदार, डफ-ढोलकी-तुणतुणे, आणि लुगडे नेसलेला नाच्या. गण-गौळणीपासून हजरजबाबी संवादांपर्यंत सारा खेळ पुरुषच करतात. तमाशाशी तिचे नाते उघड आहे. पण तिला तमाशाची ग्रामीण नक्कल म्हणणे हा पुण्या-मुंबईकडून पाहण्याचा दोष होय.

बालगंधर्वांचे यश पुरुषपण विसरायला लावण्यात होते. गंमतीतल्या नाच्याचे पुरुषपण कोणीच विसरत नाही, आणि विसरू नये अशीच योजना असते. घरची सून जे बोलू शकत नाही ते लुगड्यातला पुरुष बोलतो. पुरुषाने उघड्या तोंडाने बोलल्यास जो तंटा होईल तो लुगड्यामुळे टळतो. म्हणून येथे स्त्रीवेष हा नटीचा पर्याय नसून उपहासाचे साधनच आहे. नटी मिळाली तरी त्याचे काम तिच्याने होणार नाही.

हा उपहास एकाकी नाही. पोळ्याच्या तोरणाखाली याच मुलखात झडत्या म्हटल्या जातात. त्यांना वाद्याची गरज नसते: एकाने खड्या आवाजात सावकाराचा, सरकारचा किंवा धान्याच्या भावाचा समाचार घ्यावा आणि जमावाने महादेवाचा गजर करून त्यास संमती द्यावी. श्रावणी अमावास्येला केवळ कंठाने जे साधते, तेच दिवाळीनंतरच्या मंडईत डफाच्या साथीने व वेषांतराने विस्तार पावते, असे मला वाटते.

मंडईच्या दिवशी दुपारी दंडार व गंमत आणि रात्री नाटक असा क्रम रूढ झाला. रात्रीच्या नाटकात कालांतराने अभिनेत्री आल्या. दुपारच्या नाच्याचे स्थान त्याने संपले नाही. एकाच गावी, एकाच दिवशी दोन्ही प्रथा नांदतात, हा वरील हिशेबाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली व तेथील लोककलांचे संकलन केल्यामुळे ही सामग्री अभ्यासकांच्या हाती आली; नाट्येतिहासाच्या पाठ्यग्रंथांत तिला अद्याप परिशिष्टाइतकीच जागा आहे.

नाच्याला मात्र या मुक्ततेचे मोल द्यावे लागते. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ने दक्षिण महाराष्ट्राच्या संदर्भात ते सांगितले आहे. रिंगणात ज्याच्या मुखाने गाव स्वतःची निंदा हसत ऐकते, त्याचेच नाव रिंगणाबाहेर शिवीसारखे वापरले जाते.