स्वीट

पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमपत्रिकांतून ‘स्वीट’ हा शब्द माझ्या वारंवार वाचनात येतो. आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या पियानोवादकाने १९२३ साली जावा बेटाचा प्रवास करून १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘जावा स्वीट’ ऐकताना तर त्या शब्दाचे कूळ शोधण्याची इच्छा अनावर होते. गोड या अर्थाचा इंग्रजी शब्द संस्कृत ‘स्वादु’चा सगोत्र, हा स्वीट मात्र निराळ्या घराण्यातला. ‘मागोमाग जाणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘सेक्वी’ क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे आला, आणि त्याच आदिम मुळातून संस्कृतात ‘सच्’ हा धातू व राजाच्या सांगाती असणारा ‘सचिव’ निर्माण झाला.

सरदाराच्या मागून चालणारा लवाजमा म्हणजे स्वीट; पुढे सलग दालनांना आणि ओळीने वाजवायच्या नृत्यरचनांनाही तेच नाव मिळाले. संगीतकार बाखच्या काळी जर्मनीचे नाव मिरवणारा आलमांद, फ्रेंच कुरांत, स्पेनमार्गे आलेला साराबांद आणि ब्रिटिश बेटांतला जीग असे देशोदेशीचे नाच त्यात एकत्र येत. गोडॉव्स्कीने बारा रचनांत गामेलान या जावातील वाद्यवृंदाचा नाद, चांदण्यातील बोरोबुदूरचा स्तूप व बॉयटेनझॉर्खचे (आजच्या बोगोरचे) उद्यान पियानोवर साकारले, तेव्हा त्या परंपरेला प्रवासवर्णनाची प्रतिष्ठा लाभली.

आज मराठीत हॉटेलातील प्रशस्त जोडदालन ‘स्वीट’, एकाच कापडाचा कोट-पाटलोण हा त्याचाच भाऊबंद ‘सूट’, आणि संगीतात क्रमबद्ध रचनामाला ‘स्वीट’, असा वापर रूढ आहे.