प्राणी-वर्तनशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करायची आहे? अर्ज कुठे करायचा, हे कसे ठरवावे

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात ‘ॲनिमल बिहेव्हियर’ असे इंटरनेटवर शोधले की समोर येतात ती बहुतेक परदेशी विद्यापीठे. त्यात एका वर्षाचे महागडे मास्टर्स असतात, ऑनलाइन प्रमाणपत्रे असतात आणि कुत्र्यांना शिकवण्याचे कोर्सही असतात. भारतात या नावाची पदवी मात्र क्वचितच सापडते. त्यामुळे हा विषय इथे शिकताच येत नाही, असा अनेकांचा समज होतो.

तो समज चुकीचा आहे. भारतात या विषयावर चांगले संशोधन होते. फक्त ते प्राणिशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, उत्क्रांती, मेंदूविज्ञान, वन्यजीवशास्त्र अशा वेगवेगळ्या नावांच्या विभागांत विखुरलेले आहे. म्हणून अर्जांची यादी करताना पदवीच्या नावावरून शोध घेण्याऐवजी तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : आपला प्रश्न कोणता, त्यावर काम करणारा मार्गदर्शक कोण आणि पैसे कुठून येणार.

वर्तनशास्त्र म्हणजे नेमके काय?

प्राणी काय करतो आणि का करतो, याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे वर्तनशास्त्र. १९७३ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिंबर्गेन या तिघांना मिळाला, तो याच विषयातील कामासाठी.

‘प्राणी आवडतात’ म्हणून या विषयाकडे वळणाऱ्यांनी चार वाटा वेगळ्या ओळखाव्यात. आजारी प्राण्यांवर उपचार करायचे असतील, तर पशुवैद्यकीय पदवी लागते. जंगल आणि प्रजाती वाचवण्याचे काम करायचे असेल, तर वन्यजीव संवर्धनाचा अभ्यासक्रम जवळचा. पाळीव किंवा प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांचे जगणे सुधारायचे असेल, तर प्राणी-कल्याण ही स्वतंत्र शाखा आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात उपयोजित वर्तन आणि प्राणी-कल्याण या विषयात एमएस्सी करता येते. आणि वर्तनामागची कारणे शोधायची असतील, तर ते संशोधन आहे. त्यात आकडेवारी, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिणे आणि तासन्‌तास तीच ती निरीक्षणे नोंदवणे येतेच.

चार प्रश्न आणि चार विभाग

टिंबर्गेन यांनी १९६३ मध्ये मांडले, की कोणत्याही वर्तनाबद्दल चार प्रकारचे ‘का’ विचारता येतात. अर्ज कुठे करायचा, हे ठरवायला ही मांडणी आजही उपयोगी पडते. उदाहरण म्हणून उन्हाळ्यात ‘कुहू’ करणारा कोकीळ घेऊ.

१. यंत्रणा : उन्हाळा आला, की कोकिळाच्या शरीरात आणि मेंदूत असे काय बदलते, की तो ओरडू लागतो? हा प्रश्न आवडत असेल, तर मेंदूविज्ञान किंवा शरीरक्रियाशास्त्राची लॅब शोधावी.

२. वाढ : कावळ्याच्या घरट्यात वाढलेले कोकिळाचे पिल्लू मोठेपणी ‘काव काव’ न करता ‘कुहू’ कसे करते? हा शिकण्याचा आणि उपजतपणाचा प्रश्न आहे. त्यावर जीवशास्त्राच्या काही लॅबमध्ये आणि परदेशात मानसशास्त्र विभागांतही काम चालते.

३. उपयोग : इतके ओरडून त्याला काय मिळते? जोडीदार, की हद्दीवरचा ताबा? यासाठी परिसंस्थाशास्त्राचे विभाग आणि फील्डवर्क करणाऱ्या लॅब पाहाव्यात.

४. उत्क्रांती : दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालण्याची सवय कोकिळाच्या कुळात कधी आणि कशी आली? यासाठी उत्क्रांती आणि जनुकशास्त्राच्या लॅब.

पक्षी एकच, पण चार प्रश्नांची उत्तरे शोधण्याची कौशल्ये वेगळी आणि विभागही वेगळे. ‘मला पक्ष्यांवर काम करायचे आहे’ एवढ्यावर यादी बनवली, की त्यात एकमेकांशी संबंध नसलेले अभ्यासक्रम येतात आणि प्रत्येक अर्ज मोघम होतो.

आवडता प्राणी मिळालाच पाहिजे का?

अनेकांचा हट्ट प्राण्याचा असतो : वाघ, हत्ती किंवा डॉल्फिन. पण पीएचडीत शिकायची असते ती प्रश्न विचारण्याची आणि पुरावा गोळा करण्याची पद्धत. प्राणी पुढे बदलता येतो. आयसर कोलकाता येथील अनिंदिता भद्रा यांनी पीएचडी केली गांधीलमाश्यांवर, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांच्याकडे. आज त्या ओळखल्या जातात रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी.

जागेचेही तसेच आहे. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी पुण्यात वेड्या राघूंवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस जवळ उभा असून त्याला घरटे दिसत असेल, तर पक्षी घरट्यात शिरायला कचरत. माणूस तिथेच जवळपास असून त्याला घरटे दिसत नसेल, तर ते कमी कचरत. समोरच्याला काय दिसते, याचा अंदाज पक्षी घेतो का, हा त्यातला मोठा प्रश्न होता. त्यासाठी लागले नेहमी दिसणारे पक्षी, दुर्बीण आणि नेमकी आखणी.

भारतातील पर्याय

एमएस्सीसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही वन्यजीव क्षेत्रातील दोन महत्त्वाची नावे. दोन्हीकडे जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी नवी तुकडी घेतली जाईलच असे नाही. त्यामुळे यादी करण्याआधी त्या वर्षी प्रवेश आहेत का, हे संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एमएस्सी करता येते. साध्या प्राणिशास्त्राच्या एमएस्सीतही वर्तनावर प्रबंध करू देणारे प्राध्यापक असतील, तर तो पर्याय कमी खर्चाचा आणि पुरेसा ठरतो.

पीएचडीसाठी भारतीय विज्ञान संस्थेतील सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस हे जुने केंद्र. ते १९८३ मध्ये माधव गाडगीळ यांनी उभे केले. तिथे रोहिणी बालकृष्णन यांनी रातकिड्यांच्या आवाजावर मोठे काम केले आहे. बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू केंद्रात टी. एन. सी. विद्या यांच्या गटाने काबिनीच्या हत्तींचे समाजजीवन अनेक वर्षे अभ्यासले. आयसर तिरुवनंतपुरममधील हेमा सोमनाथन यांनी रात्री उडणाऱ्या भुंग्यांच्या दृष्टीवर संशोधन केले. त्याचे फील्डवर्क झाले आपल्या भीमाशंकरच्या जंगलात. ही नावे शोधाच्या सुरुवातीसाठी आहेत. प्राध्यापक निवृत्त होतात, संस्था बदलतात, एखाद्या वर्षी नवे विद्यार्थी घेत नाहीत.

प्रवेशाची दारे साधारण अशी आहेत : सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवविज्ञान परीक्षा, जिच्या अभ्यासक्रमात उत्क्रांती आणि वर्तन हा स्वतंत्र विभाग आहे, ‘गेट’ परीक्षेतील परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांतीचा पेपर, आणि टीआयएफआरची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडी करायची असेल, तर काही संस्था ‘जॅम’ परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात.

परदेशातील पर्याय

अमेरिकेत वर्तनाच्या नावाचे स्वतंत्र पीएचडी कार्यक्रम आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील ‘ॲनिमल बिहेव्हियर ग्रॅज्युएट ग्रुप’ हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. पण वर्तनावरचे बरेच काम जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्र विभागांत चालते. माकडांवरचे संशोधन अनेकदा मानववंशशास्त्रात सापडते. तीन वर्षांच्या बीएस्सीवर अनेक विद्यापीठे थेट पीएचडीला घेत नाहीत. एमएस्सी किंवा चार वर्षांची पदवी असेल, तर अडचण कमी होते.

ब्रिटनमध्ये एका वर्षाचे मास्टर्स लोकप्रिय आहे. एक्सेटर विद्यापीठात ‘ॲनिमल बिहेव्हियर’ याच नावाने एमएस्सी आहे. जर्मनीत मॅक्स प्लांक प्राणी-वर्तन संस्था २०१९ पासून स्वतंत्रपणे काम करते आहे. तिचा कोन्स्टान्झ विद्यापीठाशी जवळचा संबंध आहे आणि तिथे पीएचडीसाठी आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नसते, पण कोन्स्टान्झ ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. ‘जर्मनीत सगळे फुकट’ हे वाक्य त्यामुळे तपासून घ्यावे.

पैशांचे गणित

पीएचडीचे पैसे विद्यार्थ्याला मिळतात, त्याने भरायचे नसतात, हे अनेक घरांत माहीत नसते. भारतात जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर एसआरएफची ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांचा हिशेब केला, तर भत्ता सोडून ही रक्कम २४ लाख रुपये होते. अमेरिकेत चांगल्या पीएचडी प्रवेशाबरोबर शुल्कमाफी आणि शिकवण्याच्या कामाचा स्टायपेंड मिळतो. तो नसेल, तर त्या प्रवेशाला होकार देण्याआधी दहादा विचार करावा.

याउलट ब्रिटनमधील विज्ञानाच्या मास्टर्सचे शुल्क परदेशी विद्यार्थ्यांसाठी बहुतेक ठिकाणी २०,००० पौंडांच्या पुढे आहे. म्हणजे आजच्या दराने वीस लाख रुपयांहून अधिक, आणि राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. या क्षेत्रात मास्टर्सनंतर लगेच मोठ्या पगाराची नोकरी मिळत नाही. घर किंवा शेत तारण ठेवून कर्ज काढण्याआधी ते फेडायचे कशातून, हे कागदावर मांडून पाहावे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, म्हणून अशा अर्जदारांना क्रमवारीकडे दुर्लक्ष करता येत नाही. पीएचडीसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप त्या-त्या समाजघटकांसाठी आहेत.

मार्गदर्शक कसा पारखावा?

पीएचडीची पाच-सहा वर्षे विद्यापीठापेक्षा मार्गदर्शकाबरोबर जातात. अर्ज करण्याआधी पुढील गोष्टी तपासता येतात :

• गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध. पहिले नाव विद्यार्थ्यांचे आहे का, हे पाहावे. नेहमी प्राध्यापकांचेच असेल, तर त्याचे कारण विचारावे.
• जुने विद्यार्थी आज कुठे आहेत आणि त्यांना पीएचडीला किती वर्षे लागली.
• किती जणांनी मध्येच लॅब सोडली.
• मार्गदर्शकाच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत.
• संरक्षित जंगलातील कामासाठी वनविभागाची परवानगी लॅबकडे आधीच आहे का. नव्याने मिळवायची असेल, तर त्यात बरेच महिने जाऊ शकतात.
• फील्डवर राहण्याची सोय, सुरक्षितता आणि आजारपणात मदत कशी मिळते.

ही माहिती सध्याच्या विद्यार्थ्यांकडून मिळते, तीही मार्गदर्शक समोर नसताना. तिघांना विचारले आणि तिघांनीही उत्तर टाळले, तर तेही एक उत्तरच असते.

अमेरिकेत परिसंस्थाशास्त्राचे अनेक विभाग थेट एखाद्या लॅबमध्ये प्रवेश देतात. तिथे अर्जाआधी प्राध्यापकांना ई-मेल करणे गरजेचे असते. ई-मेल छोटा असावा : त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यातून कोणता प्रश्न पडला, स्वतः आजवर काय केले आणि यंदा ते विद्यार्थी घेणार आहेत का. शेवटचा प्रश्न विसरू नये. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या निधीत कपात झाल्यावर काही विभागांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. भारतात मात्र अनेक संस्थांत आधी परीक्षा व मुलाखत होते आणि मार्गदर्शक नंतर ठरतो. अशा ठिकाणी आवडीच्या किमान दोन लॅब असाव्यात.

यादी किती लांब असावी?

अमेरिकी विद्यापीठांचे अर्जशुल्क साधारण ७५ ते १५० डॉलर असते. सहा अर्ज केले, तरी पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्च होतो. काही ठिकाणी शुल्कमाफी मिळते, ती आधी विचारून घ्यावी. पाच ते आठ नेमके अर्ज हे वीस मोघम अर्जांपेक्षा बरे. त्यात भारतातील दोन-तीन संस्था ठेवाव्यात, म्हणजे व्हिसा किंवा निधी अडला तरी वर्ष वाया जात नाही.

अमेरिकेच्या अनेक पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. म्हणून निबंधांचे वाचन उन्हाळ्यात, ई-मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि शिफारसपत्रांची विनंती मुदतीच्या किमान महिनाभर आधी, असा क्रम सोयीचा पडतो. जीआरई अनेक जीवशास्त्र विभागांनी बंद केली आहे. ती फी भरण्याआधी प्रत्येक विभागाचा नियम पाहावा.

पहिल्या वर्षी कुठेच प्रवेश मिळाला नाही, तर?

या क्षेत्रात असे होणे नवीन नाही. संशोधन संस्था आणि वन्यजीव संस्था प्रकल्प सहायकांच्या जागा वेळोवेळी जाहीर करतात. त्यात पगार कमी असतो, पण निरीक्षणाची सवय लागते, शिफारसपत्र देणारी ओळखीची माणसे मिळतात आणि मुख्य म्हणजे हे काम आपल्याला रोज करायला आवडते का, ते कळते. कोणाला पहाटे साडेचारला उठून दहा तास नोंदी घेणे जमते, कोणाला लॅबमधले प्रयोग जास्त भावतात, तर कोणाला हे क्षेत्रच नको वाटते. पाच वर्षे किंवा वीस लाख रुपये गुंतवण्याआधी हे समजलेले केव्हाही चांगले.