मुक्तोत्तरी प्रश्नांचे गुणदान (मूडल)

मूडल या अध्ययन व्यवस्थापन प्रणालीवरील ऑनलाइन चाचणीत विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरे तपासून त्यांना गुण देण्याच्या प्रक्रियेस मुक्तोत्तरी प्रश्नांचे गुणदान म्हणतात. बहुपर्यायी किंवा चूक-बरोबर प्रकारच्या प्रश्नांचे गुण प्रणाली स्वतः देते. 'निबंध' या प्रकारातील उत्तर मात्र शिक्षकाने वाचेपर्यंत गुणांविना राहते. मूडल हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मार्टिन डूगियामस यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकसित केले असून त्याची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी

मुक्तोत्तरी प्रश्नांच्या गुणदानातील व्यक्तिनिष्ठता हा शैक्षणिक मूल्यमापनातील जुना प्रश्न आहे. डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील अनेक शाळांच्या शिक्षकांकडून इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका तपासून घेतल्या, तेव्हा गुणांत फार मोठी तफावत आढळली. भाषेच्या विषयात असे होणारच, हा आक्षेप पुढील वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर केलेल्या तशाच पाहणीने टिकू दिला नाही. सॉफ्टवेअरमुळे ही तफावत आपोआप नाहीशी होत नाही. तपासणीची मांडणी बदलून ती कमी करण्यास वाव मिळतो, एवढेच.

प्रश्नाची रचना

निबंध प्रश्न तयार करताना उत्तर टंकित करून घ्यावयाचे, फाइल जोडून घ्यावयाची की दोन्ही, हे ठरवता येते. उत्तराच्या चौकटीत आधीच एखादा आराखडा भरून ठेवण्याचीही सोय आहे. परीक्षकांसाठीची माहिती लिहिण्याची स्वतंत्र जागा असते. ती विद्यार्थ्याला दिसत नाही. आदर्श उत्तर आणि मुद्देनिहाय गुणविभागणी येथेच लिहावयाची असते. एकाहून अधिक परीक्षक असतील तर ही जागा कोरी ठेवणे म्हणजे प्रत्येकाला स्वतःची गुणदान योजना वापरण्याची मुभा देणे होय.

तपासणी

चाचणी सादर झाल्यावर निबंधाच्या उत्तरापुढे गुणदान बाकी असल्याची नोंद येते. असे एक जरी उत्तर शिल्लक असेल, तरी त्या प्रयत्नाची एकूण बेरीज दाखवली जात नाही. त्यामुळे वीसपैकी एकोणीस प्रश्न वस्तुनिष्ठ असले, तरी निकाल विसाव्यासाठी थांबतो. विद्यार्थी याला अनेकदा तांत्रिक बिघाड समजतात, म्हणून चाचणीच्या सूचनांतच ही बाब सांगणे श्रेयस्कर ठरते. अजिबात न लिहिलेले उत्तर शिक्षकाच्या यादीत येत नाही.

हस्तगुणदानाच्या अहवालात उत्तरे विद्यार्थीनिहाय नव्हे, तर प्रश्ननिहाय येतात. एका प्रश्नाची सर्व उत्तरे सलग वाचल्याने निकष ताजा राहतो आणि पहिल्या प्रश्नातील चमकदार उत्तराची छाया त्याच विद्यार्थ्याच्या पुढील उत्तरावर पडत नाही. कागदी गठ्ठ्यात हे करणे अशक्य नसले तरी कंटाळवाणे असते. उत्तरांचा क्रम नावानुसार, तारखेनुसार किंवा यादृच्छिक ठेवता येतो. नेहमी आडनावाच्या क्रमाने तपासल्यास यादीच्या शेवटच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला दर वेळी थकलेला परीक्षक येतो, म्हणून यादृच्छिक क्रम अधिक न्याय्य म्हणावा लागेल. नावे पाहण्याची परवानगी परीक्षकाच्या भूमिकेतून काढून घेता येते. मात्र सामान्यतः शिक्षकाला ती असतेच, आणि अनेक संस्थांत ती तशीच राहते. आडनावावरून जात ओळखली जाण्याची शक्यता असलेल्या समाजात ही किरकोळ तांत्रिक बाब नव्हे.

प्रत्येक उत्तराला अपूर्णांकातही गुण आणि लेखी अभिप्राय देता येतो. कमाल मर्यादेपेक्षा अधिक गुण प्रणाली स्वीकारत नाही. गुण बदलल्यास आधीची नोंद पुसली न जाता उत्तराच्या इतिहासात राहते. फेरतपासणीच्या तक्रारीत तिचा उपयोग होतो.

लघुत्तरी प्रश्न आणि देवनागरी

'लघुत्तर' प्रकारात गुण प्रणालीच देते; परंतु ती अर्थ न पाहता शिक्षकाने नोंदवलेल्या उत्तराशी अक्षरांची तुलना करते. मराठीत यामुळे वेगळ्याच अडचणी उद्भवतात. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक या क्रमाने. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतरही ती भिन्नच राहतात. परिणामी बरोबर उत्तर चूक ठरते आणि कारण डोळ्यांना दिसत नाही. '५' व रोमन लिपीतील पाचचा अंक, 'संबंध' व 'सम्बन्ध' यांचेही तसेच. यावर उपाय म्हणजे संभाव्य सर्व रूपे स्वीकारार्ह उत्तरे म्हणून नोंदवणे, चुकीची ठरलेली उत्तरे एकदा डोळ्यांखालून घालणे आणि उणीव आढळल्यास नवे रूप जोडून सर्व प्रयत्नांचे पुनर्गुणदान करणे.

स्वयंचलित गुणदान

संगणकाने निबंध तपासण्याची कल्पना अमेरिकेतील एलिस पेज यांनी १९६६ मध्ये मांडली. मूडलसाठी उपलब्ध असलेल्या काही पूरक प्रश्नप्रकारांत शब्दसंख्या आणि अपेक्षित शब्दप्रयोग मोजून गुण दिले जातात. अशा मोजमापाने आशय तपासला जात नाही. लांबलचक, भारदस्त पण निरर्थक मजकुराला यंत्र चांगले गुण देते, हे लेस पेरेलमन यांनी तसा मजकूर निर्माण करणारा 'बेबल' हा संगणकीय कार्यक्रम वापरून दाखवले. याउलट ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील सॅली जॉर्डन व फिलिप बुचर यांच्या अभ्यासात, एक-दोन वाक्यांच्या नेमक्या उत्तरांसाठी काळजीपूर्वक रचलेली शब्दाकृती-जुळणी मानवी परीक्षकांच्या तोडीची ठरली. मात्र असे नियम विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष उत्तरांवरून घडवावे लागतात. एका वर्गाच्या एका चाचणीसाठी इतका खटाटोप करण्यापेक्षा उत्तरे वाचून काढणेच सोपे पडते.